पाचट, पांढरा धूर आणि पंधरा किलो मिथेन

आमचं दोन एकर रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. काळी जमीन, उपशाचं पाणी, आणि माझ्या आठवणीत तरी त्या रानात उसाशिवाय दुसरं पीक क्वचितच उभं राहिलेलं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. रान आण्णा बघतात, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही जाते. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही शेवटचं पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात पडणारा उसाचा वाळका पाला, पेटवलं. त्यानंतर पेटवलेलं नाही. पण त्या शेवटच्या पेटवणीच्या रात्री मी जे पाहिलं, त्यामुळेच मला हे सगळं लिहावंसं वाटतंय.

त्या दिवशी दुपारी तोड संपली. टोळी बीडकडची होती. बायकांनी वाढं बांधून नेलं, मुकादमानं आण्णांना रामराम केला आणि गाड्या पुढच्या फडाकडे गेल्या. मागं रानभर गुडघाभर पाचट. संध्याकाळी वारा पडल्यावर आण्णांनी पाचटाचीच चूड केली आणि बांधाच्या कडेनं पेटवत गेले. मधलं पाचट दोन-तीन दिवस उन्हात तापलेलं. तिथं जाळ उठला तो दोन पुरुष उंच. तडतड आवाज, डोळ्यांवर हात घ्यावा लागेल असा उजेड, आणि धूर म्हणाल तर फारसा नाही. वीस मिनिटांत मधलं रान काळं झालं.

पाटाकडच्या बाजूला मात्र वेगळंच चाललं होतं. पाट थोडा पाझरतो, त्यामुळं तिथलं पाचट खालून ओलं. त्यावर हिरव्या शेंड्यांचे ढीग पडलेले. जाळ तिथवर आला आणि बसला. मग तिथून पिवळट पांढरा, जड धूर निघायला लागला. वर न चढता तो जमिनीलगत सरकत राहिला. मी काठीनं एक ढीग उचकटला. आत हवा गेली तसा भपकन जाळ उठला आणि धूर गेला. काठी काढली, ढीग परत बसला, आणि पुन्हा पांढरा धूर. असं मी चार-पाच वेळा करून पाहिलं. आण्णा लांबून म्हणाले, "काय खेळतीस गं, कपडं पेटतील." दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले तेव्हाही तो ढीग धुमसतच होता. गल्लीच्या टोकाला आत्ती राहतात, त्यांना दमा आहे. त्या दारं-खिडक्या लावून पंप हातात घेऊन बसल्या होत्या.

काठीनं उचकटल्यावर जे होत होतं, तेच मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना बर्नरवर दाखवते. बर्नरच्या बुडाचं हवेचं भोक उघडं असलं की ज्योत निळी, स्वच्छ. भोक बंद केलं की ज्योत पिवळी होते, काजळी धरते. जळणाला पुरेशी हवा मिळाली की त्यातला कार्बन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कोंडली, ओल असली, उष्णता कमी पडली की जळण अर्धवट राहतं. पाचट नुसतं तापलं तरी त्याची रचना मोडायला लागते. आतल्या लिग्निनसारख्या पदार्थांचे तुकडे पडतात आणि तऱ्हेतऱ्हेचे वायू सुटतात. वर जाळ असेल तर ते तिथल्या तिथं जळून जातात. जाळ बसलेला असेल तर तसेच निसटतात: कार्बन मोनॉक्साइड, डांबरासारखे बारीक थेंब, आणि मिथेन. पांढरं दिसतं ते त्या थेंबांमुळं आणि वाफेमुळं. मिथेनला ना रंग ना वास, तो त्यात न दिसता जातो.

म्हणजे उंच जाळाची आपल्याला भीती वाटते, पण मिथेनच्या दृष्टीनं खरा घातक भाग तो बसलेला, गप्प धुमसणारा कोपरा. गावात सगळीकडं बघा, पाचट संध्याकाळी पेटवतात. वारा पडलेला असतो, जाळ दुसऱ्याच्या उभ्या उसात जायची भीती कमी असते, त्यामुळं ते शहाणपणाचंच. पण थोड्या वेळात दव पडायला लागतं, आणि रात्रभर धुमसायला सोयीचं रान आपणच तयार करून देतो.

किती मिथेन, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. देशोदेशींच्या वायूंचा हिशेब कसा मांडायचा याची आयपीसीसीची, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची, मार्गदर्शक पुस्तिका आहे, २००६ सालची. त्यात पीक-अवशेष जाळण्याचं गणित इतकं सोपं आहे की बारावीचं पोर करेल. आपल्याकडं शिफारशींच्या पुस्तकांत हेक्टरी ८ ते १० टन पाचट धरतात. दोन एकराला सात टन धरू. उसाचं जेवढं पाचट रानात असतं त्यातलं ८० टक्के जळतं असं पुस्तिका मानते, म्हणजे ५,६०० किलो. जळलेल्या दर किलोमागं २.७ ग्रॅम मिथेन. गुणाकार केला: १५ किलो.

घरातला गॅसचा सिलिंडर भरलेला असतो तेव्हा त्यात १४.२ किलो गॅस असतो. त्यातला वायू वेगळा, पण वजनाचा अंदाज यावा म्हणून मी वर्गात हेच सांगितलं: एक भरलेला सिलिंडर रानाच्या मधोमध ठेवायचा, तोंड उघडायचं आणि घरी यायचं. दोन एकराचं पाचट पेटवलं की एवढ्या वजनाचं मिथेन हवेत जातं. तोलून पाहिलं तर मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट. शंभर वर्षांचा हिशेब धरला तरी ते १५ किलो म्हणजे जवळजवळ दीडशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. आमच्या दोन एकराच्या मशागतीला वर्षभरात एवढं डिझेल लागत नाही.

पुस्तिकेच्या त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे, त्यानं मी जास्त हादरले. किलोमागं ९२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे आमच्या रानातून पाचशे किलोच्या वर. तो माणसाला विषारी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं मिथेनशीही नातं आहे. हवेतलं मिथेन साधारण बारा वर्षांत संपतं, ते मुख्यतः हायड्रॉक्सिल नावाच्या अतिशय चपळ कणांमुळं. हेच कण कार्बन मोनॉक्साइडलाही साफ करतात. कार्बन मोनॉक्साइड वाढला की ते कण त्याच्यामागं खर्ची पडतात आणि मिथेनचं आयुष्य वाढतं. आपल्या रानातून मिथेन तर जातंच, वर ते साफ करणाऱ्याचे हातही आपण अडकवून ठेवतो.

हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण ऊस परत वाढतोच की. हवेतला कार्बन परत घेतोय ना?" मुलगा शेतकऱ्याचाच. प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणूनच तर राष्ट्रीय हिशेबात पाचट जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड धरतच नाहीत. पुढच्या वर्षीचा ऊस तो ओढून घेतो असं मानतात. पण ऊस मिथेन ओढत नाही. पानातून कार्बन आत गेला तो डायऑक्साइड म्हणून, आणि बाहेर पडताना त्यातला थोडा मिथेन होऊन पडला. त्या थोड्याचाच हा हिशेब.

मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. "आमच्याकडं चार म्हशी हायत. त्या जास्त सोडत असतील की."

हो, कितीतरी जास्त. त्याच पुस्तिकेत आपल्या भागातल्या म्हशीला वर्षाला ५५ किलो मिथेन धरलंय. म्हैस रवंथ करताना ढेकरेवाटे ते सोडते. आमच्या दोन एकराचं पाचट म्हणजे एका म्हशीचे सव्वातीन महिने. आणि २०१९ च्या पशुगणनेत देशात म्हशी निघाल्या १० कोटी ९८ लाख, गाई-बैल वेगळेच. भारतानं संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या हिशेबात २०१६ सालचं देशाचं सगळं मिथेन दोन कोटी टनांच्या जवळपास आहे. त्यात जनावरं आणि भातशेती यांचाच मोठा वाटा. देशात वर्षाला नऊ कोटी टनांच्या आसपास पीक-अवशेष जाळले जातात असा आकडा नेहमी दिला जातो. त्याला २.७ ग्रॅमनं गुणलं तर अडीच लाख टन मिथेन होतं. म्हणजे शंभरातला एक भाग, फार तर थोडा जास्त.

तो आकडा काढल्यावर मी दोन दिवस गप्प होते. एवढ्याशासाठी आण्णांशी वाद घालायचा का, असं वाटत होतं. आता माझं मत पक्कं आहे आणि ते असं: म्हशीच्या मिथेनबरोबर दूध येतं. त्या पोराच्या घरचा कॉलेजचा खर्च त्या चार म्हशींवर चालतो, मी त्याला काय सांगणार? भाताच्या मिथेनबरोबर भात येतो. पाचटाच्या मिथेनबरोबर काहीच येत नाही. उलट घरचं जातं. सात टन पाचटात साधारण ३५ किलो नत्र असतं, ६० ते ८० किलो पालाश असतं, आणि दोन-तीन टन सेंद्रिय कर्ब. जाळल्यावर नत्र आणि कर्ब बहुतेक सगळा उडून जातो. आण्णा म्हणायचे, "राख पण खतच असती." राखेत पालाश आणि स्फुरद उरतं हे खरंच आहे. पण फेब्रुवारी-मार्चचा वारा आमच्या रानातली राख कुणाच्या रानात नेऊन टाकतो हे त्यांनीही पाहिलंय. देशाच्या मिथेनमधलं सगळ्यात बिनकामाचं मिथेन कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी पाचटाचं म्हणेन.

पेटवणाऱ्यांना अडाणी म्हणणारे लेख मी शहरातल्या वर्तमानपत्रांत वाचते तेव्हा मला वाईट वाटतं. आण्णा चाळीस वर्षं ऊस करतायत, त्यांच्याकडं कारणं आहेत. पाचट असलं की पाणी सरीतून पुढं सरकत नाही, तुंबतं, आणि वीज आठ तास. तेवढ्यात शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही तर पुन्हा पाळी येईपर्यंत ती तशीच. बगला फोडायला, म्हणजे सरीच्या कडा नांगरायला, औजार घातलं की पाचट दातात गुंडाळतं. उंदीर होतात. उंदरांमागं घोणस येते; पहाटे अंधारात पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला हे कारण पुस्तकातलं वाटत नाही. आणि सगळ्यात मोठं, आपण पाचट ठेवलं आणि शेजाऱ्यानं पेटवलं तर आपल्या रानातल्या कोवळ्या फुटव्यासकट सगळं जातं. तिकडं पंजाब-हरियाणात भाताचं काढणं आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून पराली, म्हणजे भाताचा पेंढा, पेटते. आपल्याकडं तशी घाई नाही, तोडलेल्या बुडख्यांतून पुढचं पीक, म्हणजे खोडवा, आपला आपण फुटतो. आपल्याकडची अडचण पाणी, औजार आणि भीती यांची आहे. या तिन्ही गोष्टींवर काम न करता नुसतं "जाळू नका" म्हणणं मला पटत नाही.

गेल्या वर्षी खोडवा तुटून गेल्यावर आण्णांना मी एवढंच म्हटलं, "या वर्षी माझं ऐका, नुकसान झालं तर माझ्या पगारातून." ते काहीच बोलले नाहीत. आमच्या घरी त्याला होकार म्हणतात.

फलटणजवळच्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं आहे. तिथल्या शिफारशीत पद्धत सरळ दिलेली आहे. पाचट सरीत दाबून घ्यायचं, बुडखे मोकळे करायचे आणि धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे. मग हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकून पाणी द्यायचं. दोन एकराला युरिया ६४ किलो येतो. मी एक पोतं आणलं, ४५ किलोचं. वाटलं, पुरे होईल, रसायन कमी तेवढं बरं. ती चूक महागात पडली. एप्रिलमध्ये निडव्याचे, म्हणजे खोडव्यानंतरच्या पिकाचे, फुटवे पिवळे पडले. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं: पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. जिवाणूंना ते कुजवायला नत्र लागतं, पाचटात मिळालं नाही की ते जमिनीतलं घेतात आणि ऊस उपाशी राहतो. आण्णांनी पिवळं पान खुडून माझ्या हातात दिलं. राहिलेला युरिया दिल्यावर पंधरा-वीस दिवसांत रंग परतला. युरियातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो तर मिथेनहून कितीतरी पट तापवणारा, हेही मला ठाऊक आहे. म्हणून या वर्षी पाचटातून आलेलं नत्र धरून नंतरच्या हप्त्यांतला युरिया कमी केलाय. हिशेब दोन्हीकडून ठेवावा लागतो.

दुसरी चूक खड्ड्याची. पाटाकडच्या चार-पाच सऱ्यांत पाचट फार जाड होतं. पाणीच सरकेना. ते ओढून आम्ही विहिरीजवळच्या जुन्या खड्ड्यात भरलं, चांगला पुरुषभर खोल. म्हटलं, कंपोस्ट होईल. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरला. ऑगस्टमध्ये एका रविवारी मी तिथं उभी होते. काळं पाणी, वर तरंगणारं पाचट, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. पाणी स्थिर होतं, तरी अधूनमधून बुडबुडा वर येऊन फुटत होता. मी बांबू खाली खुपसला तर एकदम ओंजळभर बुडबुडे उसळले.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. बुडबुड्यांत मात्र बहुतेक मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच असणार. गोबर गॅसच्या टाकीत, भाताच्या खाचरातल्या चिखलात आणि म्हशीच्या पोटात जे जीवाणू हे काम करतात, त्यांच्याच जातीचे जीवाणू आमच्या खड्ड्याच्या तळाशी हवेवाचून पाचट खात बसले होते. जाळलं असतं तर किलोमागं २.७ ग्रॅम. असं पाण्याखाली महिनोन् महिने कुजवलं तर त्याहून कितीतरी जास्त सुटू शकतं. मी आग टाळली, आणि टाळायचं होतं तेच विहिरीजवळ तयार करत बसले होते. गोबर गॅसमध्ये निदान तो वायू कोंडून शेगडीत जाळतात, त्याचा स्वयंपाक होतो. आमचा उघड्यावर चालला होता. २०१९ च्या पुरात दहा-बारा दिवस ऊस पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर सगळ्या शिवाराला जो वास सुटला होता, तो त्या दिवशी मला आठवला.

तेव्हापासून मी "पाचट जाळू नका" एवढ्यावर थांबत नाही. पाचटाला हवा लागली पाहिजे. जाळात हवा कमी पडली की मिथेन, पाण्याखाली हवा कमी पडली की मिथेन. सरीत विखरून पडलेलं पाचट पाणी प्यायलं तरी दुसऱ्या दिवशी वरून सुकतं, त्याच्यातून हवा खेळते, ते कुजतं ते हवेत. त्यातून निघतो तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. आमच्या रानाचा दक्षिणेकडचा कोपरा सखल आहे, तिथं पाणी साठतं. या वर्षी तिथलं पाचट आम्ही उचलून बांधावर टाकलं.

मावशी शिराळ्याकडं असते, तिकडं भात. तिच्याकडचा पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, जनावरं खातात, जाळायचा प्रश्नच येत नाही. पण ज्या भागात पेंढा जाळू नका म्हणून तो चिखलातच गाडायला सांगतात, तिथं हे तपासून पाहायला हवं. खाचरात पाणी भरायच्या तोंडावर ताजा पेंढा गाडला तर मिथेन वाढतं. तेच ३० दिवसांहून आधी गाडून कुजू दिलं तर त्याचा परिणाम तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी धरतात. काम तेच, फक्त महिनाभर आधी. असे तपशील शेतकऱ्यापर्यंत कुणी पोचवत नाही याचा मला राग येतो. त्याच्यापर्यंत पोचतो तो दंडाचा आकडा.

आणि त्या २.७ ग्रॅमबद्दलही बोलायला हवं, कारण माझं सगळं गणित त्यावर उभं आहे. तो जगभरातल्या वेगवेगळ्या मोजणींतून काढलेला सरासरी आकडा आहे. ज्या देशाकडं स्वतःची मोजणी नाही त्यानं तो वापरावा, म्हणून दिलेला. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं पाचट, सगळ्यांना एकच. दुपारच्या कडक उन्हातलं पाचट आणि दव पडलेलं पाटाकडचं पाचट, दोन्हींना एकच. मी काठीनं जो फरक स्वतः पाहिला तो त्या आकड्यात कुठंच नाही. वरून बघावं तर आगी मोजणारे बरेचसे उपग्रह साधारण दुपारी दीडच्या सुमाराला आणि रात्री दीडच्या सुमाराला आपल्यावरून जातात. आमच्या गावात पेटवतात संध्याकाळी सहा-सातला. वीस मिनिटांत जाळ संपतो. रात्री दीडला उरतो तो धुमसणारा कोपरा, तो उपग्रहाला दिसेलच असं नाही. ऊस पिकवणारा एवढा मोठा प्रदेश आपला, कृषी महाविद्यालयं आपल्याकडं, गॅस मोजायची यंत्रं आपल्याकडं. चार तालुक्यांत, वेगवेगळ्या ओलीच्या पाचटावर, हंगामभर मोजणी केली तर आपला स्वतःचा आकडा निघेल. तो २.७ हून मोठा निघो नाहीतर लहान, पण आपल्या रानाचा असेल.

रानात काय बदल झाला ते आण्णा सांगतात तसं सांगते. उन्हाळ्यात पूर्वी दहा-बारा दिवसांनी पाणी द्यावं लागायचं, आता चौदा-पंधरा दिवस निघतात. पाचटाखालची माती हाताला ओली लागते. तण निम्म्यानं कमी. जून संपता संपता पाचट हातात घेतलं की चुरगळतं, आणि खाली गांडुळांची विष्ठा दिसते. आण्णा निडव्यानंतर नेहमी रान मोडायचे. या वर्षी त्यांनी स्वतःहून आणखी एक पीक धरलं. उंदीर मात्र आहेत, ते कमी झाले असं मी खोटं सांगणार नाही. पहाटे पाणी धरायला जाताना आण्णांना गमबूट आणि चांगली बॅटरी आणून दिली आहे.

भीतीचं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. उत्तरेच्या बांधाला तात्यांचं रान आहे. त्यांचा ऊस परवा गेला आणि त्यांनी दुपारीच सांगायला माणूस पाठवला, "संध्याकाळी पेटवणार हाय, तुमचं बघून घ्या." हे सांगणंही मोठेपणाच आहे, सगळे सांगत नाहीत. कॉलेजातून आले तशी मी साडी खोचली आणि आण्णांबरोबर बांधालगतच्या तीन सऱ्यांतलं पाचट दाताळ्यानं आत ओढलं. दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा केला आणि त्यात पाणी सोडलं. अंधार पडता पडता तात्यांनी चूड लावली. जाळ बांधापर्यंत आला, आमच्या ओल्या सरीपाशी थांबला. आत्तींना आधीच माझ्याकडं आणून ठेवलं होतं.

जाळ बसल्यावर तात्या बांधावर आले. आमच्या रानात वाकून त्यांनी पाचट बाजूला सारलं, मूठभर माती उचलली, दाबून बघितली आणि विचारलं, "एकरी युरिया किती टाकलासा?" मी ३२ किलो म्हटलं. "आन् पाणी सरकतंय व्हय?" आण्णा म्हणाले, "सरकतंय, पर सावकाश. लांब सऱ्या मधी तोडाव्या लागत्यात." मग दोघं किती फुटांवर तोडायच्या यावर बराच वेळ बोलत राहिले. पलीकडं तात्यांच्या रानाचा पाटाकडचा कोपरा पांढरा धूर सोडत होता. तात्यांना विचारून मी काठी घेऊन तिकडं गेले आणि ढीग एकेक करून फाकत बसले, म्हणजे निदान हवा लागून नीट जळेल.

रविवारी दोन बायका सांगितल्या आहेत, खड्डा उपसायला. तळाला अजून दोन फूट काळं पाचट आहे, ओलं. ते विहिरीच्या वरच्या अंगाला, खडकाळ भागावर पातळ पसरायचं ठरलंय. खड्डा मग मातीनं बुजवून टाकू.